अनुभवाचा दाखला

मनस्वी मोकलचा टीसीचा अर्ज तिसऱ्यांदा परत आला, तेव्हा त्याच्या कोपऱ्यात लाल पेनाने एवढंच लिहिलं होतं : 'विभागप्रमुखांची सही नाही.'

"पण मॅडम, गणिताला विभागप्रमुखच नाहीत," मनस्वी खिडकीत वाकून म्हणाली. "गेल्या जुलैत सर सोडून गेले, तेव्हापासून जागा रिकामी आहे. मी सही आणू कोणाची?"

खिडकीच्या आत हेडक्लार्क शकू मॅडम बसल्या होत्या. त्यांनी मान वर न करताच सांगितलं, "मला काय विचारतेस? वरून जसं आलं तसं मी दिलं."

पहिल्या खेपेला अर्ज परत आला होता तो 'कारण स्पष्ट नाही' म्हणून. तिने कारण लिहिलं. दुसऱ्या खेपेला ग्रंथालयाचा ना हरकत दाखला हवा होता. ग्रंथालय म्हणजे कुलूप लावलेली दोन कपाटं, तरी तिने तोही मिळवला. आता हे तिसरं. पेणच्या कॉलेजात शेवटच्या वर्षाचे प्रवेश शनिवारी बंद होणार होते आणि आज मंगळवार होता.

आणि ती चालली होती तरी कुठे? पेणला! रोह्याहून गाडीत बसलं की तासाच्या आत पेण. विद्यापीठ तेच, अभ्यासक्रम तोच. तरी ही माणसं असं करत होती, जसं काही तिला साता समुद्रापलीकडे जायचंय.

रोह्यातलं हे कॉलेज अगदी अलीकडचं, एका शिक्षणसंस्थेने काढलेलं, विनाअनुदानित. मनस्वीला खरं तर दोन वर्षांपूर्वीच पेणला जायचं होतं. पण यादी लागली तेव्हा तिचा एक दाखला तहसील कचेरीत अडकला होता. तो हातात पडेपर्यंत जागा भरल्या. मग कासू स्टेशनवर सकाळी बापलेकीच्या दोन वाटा झाल्या. बाबा, म्हणजे दत्तात्रेय मोकल, पेणच्या बाजूची गाडी पकडून हमरापूरला उतरायचे आणि जोह्याच्या गणपतीच्या कारखान्यात साचेकामाला जायचे. ती उलट दिशेने रोह्याला यायची.

आकडेमोडीत ती काही फार चपळ नव्हती. बाजारात हिशेब करताना आई तिला अजूनही हसायची. पण एखादी गोष्ट खरी का आहे, हे कळल्याशिवाय तिला चैन पडायचं नाही. बारावीत असताना तिने फोनवर कुठून कुठून पुस्तकं उतरवून घेतली आणि कॉलेजच्या पहिल्या वर्षातच तिसऱ्या वर्षाचं बीजगणित संपवलं. पहिल्या वर्षाला शिकवणारे सर भले होते. फळ्यावर त्यांचं काही चुकलं की ते आधी मनस्वीकडे बघायचे. तेच सर पनवेलच्या एका क्लासमध्ये लागले आणि गेले.

त्या आठवड्यात प्राचार्य दळवींनी तिला बोलावून घेतलं. पाणी विचारलं, खुर्ची दिली. "मनस्वी, तू या कॉलेजची शान आहेस. नवीन माणूस येईपर्यंत पहिल्या वर्षाला जरा बघशील का? आठ-दहा दिवसांचा प्रश्न आहे."

तिला केवढा आनंद झाला होता! एकोणिसाव्या वर्षी हातात खडू. ते आठ-दहा दिवस मार्चपर्यंत चालले. पहिल्या वर्षाची एकतीस मुलं, आणि स्वतःच्या वर्गातली तिच्यासकट पाच, दोन्हीकडे तीच शिकवत होती. चाचण्यांचे पेपर तिने काढले, तिनेच तपासले. नवीन माणसाबद्दल विचारलं की "जाहिरात दिली आहे" एवढं उत्तर मिळायचं. हळूहळू तिने विचारणं सोडलं.

डिसेंबरात पेणच्या कॉलेजात गणित दिनाचा कार्यक्रम होता. तिथल्या अनिता मॅडमनी फळ्यावर एक प्रश्न घातला. एका समूहात सदस्यांची संख्या सम आहे. तर एकक सोडून असा आणखी एक तरी सदस्य असतो, जो स्वतःच स्वतःचा व्यस्त आहे, हे दाखवा. शेवटच्या वर्षाची मुलं पुस्तकातलं मोठं प्रमेय आठवू लागली. मनस्वी मागच्या बाकावरून उठली. "सगळ्यांना जोडीने उभं करा. प्रत्येकाच्या शेजारी त्याचा व्यस्त. एकक एकटा उरतो, कारण तो स्वतःच स्वतःचा व्यस्त. पण एकूण संख्या सम आहे, मग एकटा एकच कसा उरेल? अजून एक तरी उरलाच पाहिजे. तोच आपल्याला हवाय."

मॅडम हातातला खडू तसाच धरून तिच्याकडे बघत राहिल्या. कार्यक्रम संपल्यावर त्यांनी तिला गाठलं. "शेवटच्या वर्षाला इकडे ये. एमएस्सीच्या तासांना बसवते तुला. तिथे राहून तू करणार काय आहेस?"

तेव्हापासून मनस्वीच्या मनात पेण होतं.

त्या मंगळवारी खिडकीवरून ती अर्ज घेऊन थेट प्राचार्यांच्या केबिनमध्ये गेली. या वेळी खुर्ची कोणी दिली नाही.

"सही कोणाची आणायची, ते सांगा सर. मी आणते."

दळवी सर मागे रेलले. "मनस्वी, तुला एक विचारू? ती एकतीस मुलं आता दुसऱ्या वर्षाला आली. त्यांचं काय? गरिबांची मुलं आहेत. तुझ्या भरवशावर त्यांनी गणित घेतलं. आणि तू स्वतःचं बघून निघालीस. कॉलेजने तुला एवढा मान दिला, तुला वर्गावर उभं केलं. हा स्वार्थ नाही का?"

स्वार्थ या शब्दाने तिचं तोंडच बंद झालं. ती बाहेर आली, स्टेशनपर्यंत चालत गेली. गाडीत बसल्यावर मग एकेक उत्तर सुचायला लागलं, आणि ते ऐकायला समोर कोणी नव्हतं. एकतीस मुलांना शिक्षक देणं हे माझं काम होतं का? फी माझ्याकडे भरली होती का त्यांनी? नागोठणं येईपर्यंत तिचे कान तापले होते.

तेवढ्यात फोन वाजला. भाविका होती. खांबहून एसटीने येणारी, गेल्या वर्षी पहिल्या बाकावर बसणारी. सुरुवातीला साध्या अपूर्णांकांना घाबरायची. मार्चमध्ये तिने सीमेची, म्हणजे लिमिटची, व्याख्या स्वतःच्या शब्दांत सांगितली होती, तेव्हा मनस्वीने सगळ्या वर्गाला टाळ्या वाजवायला लावल्या होत्या.

"ताई, दळवी सर आज वर्गात आले होते," भाविका अडखळत म्हणाली. "म्हणाले, तुमची ताई तुम्हाला टाकून चालली. तुम्हीच तिला समजवा. खरं काय ओ, ताई? तुम्ही नसलात तर आम्हाला कोण शिकवणार?"

भाविकाचं काहीच चुकलं नव्हतं. पण त्या पोरीच्या तोंडी हे वाक्य घालून तिला फोन करायला लावणारा माणूस आत्ता पंख्याखाली बसून चहा पीत असेल, या विचाराने तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली.

"भाविका, तुला शिक्षक द्यायला पाहिजे तो कॉलेजने," ती म्हणाली. "हे मी तुला आधीच सांगायला हवं होतं."

बुधवारी ती पुन्हा खिडकीशी उभी राहिली. शकू मॅडमनी तिच्याकडे बघून सुस्कारा टाकला आणि आतून एक जाड हजेरीपट बाहेर सरकवला.

"सर मीटिंगला गेलेत, दुपारी येतील. बसलीच आहेस तर गेल्या वर्षीच्या एफवायच्या हजेरीची टक्केवारी काढून दे. बाहेरून तपासणी यायचीय. हजेरी तूच मांडलीयस, तुला पटकन जमेल."

टीसी अडवून ठेवायची आणि वर काम गळ्यात मारायचं, याला काही मर्यादा? तरी सवयीने तिने हजेरीपट घेतला आणि व्हरांड्यातल्या बाकावर बसून उघडला.

आत सगळं तिचंच अक्षर होतं. रेघ मारलेले सात, रोज बदललेली तारीख, गैरहजरांपुढची बारीक फुली. पण प्रत्येक महिन्याच्या पानाखाली निळ्या शाईत एक ऐटबाज सही होती. ती सही तिने आधी कधीच पाहिली नव्हती. तिने पहिलं पान उलटलं. 'विषय : गणित. विषयशिक्षक : प्रा. ऋत्विक हैबतराव देशमुख.'

ती उठून खिडकीशी गेली. "मॅडम, हे कोण?"

शकू मॅडमनी पहिल्यांदा इकडेतिकडे पाहिलं. मग आवाज खाली आणला. "संस्थेच्या सेक्रेटरी साहेबांचा मुलगा. कागदावर असतो तो. तपासणीला माणूस दाखवावा लागतो ना."

"हा माणूस कधी वर्गात आलाय?"

"कॉलेजात आला नाही, तर वर्गात कुठून येणार? हे बघ, तुला काय करायचंय त्याच्याशी? तू तुझी टीसी बघ."

"तीच तर बघतेय मॅडम, आठ दिवस झाले."

तिने टक्केवारी काढली नाही. हजेरीपट मिटून खिडकीच्या फळीवर ठेवला आणि निघाली. मीटिंगवरून सर येण्याची वाटही बघितली नाही.

संध्याकाळी बाबा कामावरून आले. नखांत पांढरी माती, खांद्यावर टॉवेल. तिने सगळं सांगितलं. ते पायरीवर बसून ऐकत होते. आई आतून कान देऊन होती.

"असंच असतं गो," बाबा म्हणाले. "मूर्ती घडवतो कोण आणि पाटीवर नाव कोणाचं, हे मना नको सांगू. तीस वर्षं बघतंय मी. मोठ्या माणसांशी वाकड्यात नको शिरू. गोड बोलून कागद काढून घे."

"आठ दिवस गोडच बोलतेय ना बाबा! त्यांनी मला स्वार्थी म्हटलं. मी! वर्षभर माझा अभ्यास बाजूला ठेवून त्यांची पोरं शिकवली मी, आणि सही मारली त्या ऋत्विकने. असंच असतं, असंच असतं, असं सगळे म्हणतात म्हणूनच चालतं हे!"

बापावर एवढा आवाज तिने कधी चढवला नव्हता. आई बाहेर येऊन म्हणाली, "ती काय खोटं बोलते का?" आणि पुन्हा आत गेली.

मनस्वीने वही काढली. शिकवायला जायच्या आधी ती रोज आदल्या दिवशी टिपण करायची. तारीख, विषय, कुठलं उदाहरण घ्यायचं. त्या वहीवरून तिने यादी करायला घेतली. सात ऑगस्ट, क्रमिका म्हणजे काय. आठ ऑगस्ट, क्रमिकेची सीमा. नऊ ऑगस्ट, पुन्हा तेच, कारण निम्म्या वर्गाला कळलं नव्हतं. जेवणाची ताटं मांडली गेली तेव्हा यादी एकशे त्रेचाळीस तासांवर थांबली. तो आकडा बघून तिचीच तिला कीव आली आणि मग कीव येण्याचाही राग आला.

यादीच्या वर तिने अर्ज लिहिला. अर्ज छोटा होता. 'मी या महाविद्यालयात गेल्या शैक्षणिक वर्षात सोबत जोडल्याप्रमाणे एकशे त्रेचाळीस तास शिकवले आहे. तरी मला अध्यापनाच्या अनुभवाचा दाखला मिळावा. मी शिकवलेच नाही असे महाविद्यालयाचे म्हणणे असल्यास मी केवळ विद्यार्थिनी ठरते. तसे असेल तर मला आजच टीसी मिळावी. प्रत माहितीसाठी : विद्यापीठ.'

गुरुवारी सकाळी ती स्टेशनवर पोचली, तर बाबा रोह्याच्या बाजूच्या फलाटावर उभे. इस्त्रीचा शर्ट घातला होता. श्रावण-भाद्रपदाच्या तोंडावर कारखान्यात खाडा केला तर मालक किती बोलतो, हे तिला ठाऊक होतं.

"बाबा, तुम्ही?"

"चल," एवढंच ते म्हणाले.

शकू मॅडमनी अर्ज वाचला, पुन्हा वाचला. मग ड्रॉवरमधून शिक्का काढला, त्यावर आवक क्रमांक टाकला आणि दुसऱ्या प्रतीवरही ठसठशीत शिक्का उमटवला. "जा आत," त्या म्हणाल्या.

दळवी सरांनी यादीची पानं चाळली. तिसऱ्या पानावर पोचेपर्यंत त्यांचा चेहरा बदलला.

"ही काय थट्टा आहे?"

"थट्टा नाही सर. मी शिकवलं असेल तर दाखला द्या. शिकवलं नसेल तर टीसी द्या. दोन्हीपैकी एक तर खरं असणारच ना?"

"विद्यापीठाला प्रत? तुला कळतंय का, यातून कॉलेजचं काय होईल ते? या कॉलेजने तुला घडवलं..."

"कोणी घडवलं सर? नाव सांगा," मनस्वी म्हणाली. "गणित मला कोणी शिकवलं गेल्या वर्षी? हजेरीपटावर ज्यांची सही आहे त्यांना बोलवा. मी त्यांना एकच प्रश्न विचारते, पहिल्या वर्षाचा. त्यांना आला तर हा अर्ज इथेच फाडते."

बाबा दाराशी उभे होते. त्यांना कोणी बस म्हटलं नव्हतं आणि तेही आपण होऊन बसले नव्हते. आता ते दोन पावलं पुढे आले.

"साहेब, मी पोरीला हितं शिकाया पाठवली होती. तुम्ही तिला कामाला लावलीत. काम करणाऱ्याला सोडतानी आमचा मालकसुद्धा अडवत नाय."

दळवी सर फोन घेऊन बाहेर गेले. काचेपलीकडे येरझारा घालताना दिसत होते. ते परत आले, ते कोणाकडेही न बघता. बेल मारली. "शकू मॅडम, या मुलीची टीसी करून टाका."

विभागप्रमुखांच्या सहीची गोष्ट कोणी काढली नाही. आठ दिवस जो डोंगर आडवा होता, तो एका बेलने बाजूला झाला. याचाच तिला अधिक संताप आला. म्हणजे सही कधीच लागत नव्हती.

अर्ध्या तासाने टीसी हातात आली. मनस्वीने ती उभ्यानेच वाचली. नाव, जन्मतारीख, सोडण्याचं कारण. आणि 'वर्तन' या रकान्यात : 'बरे'.

"चल गो, मिळाली ना," बाबा म्हणाले.

"नाही बाबा. 'बरे' म्हणजे काय? मी काय केलं?" तिने कागद खिडकीतून आत धरला. "मॅडम, हे कोणी लिहायला सांगितलं?"

शकू मॅडमनी कागद घेतला. मग म्हणाल्या, "अकरा वर्षं मी दाखले लिहितेय. मारामाऱ्या करणाऱ्या पोरांनासुद्धा 'चांगले' लिहिलंय. आज पहिल्यांदा हा शब्द लिहिला, तेव्हाच हात अडला होता." त्यांनी तो कागद आडवा फाडला, दुसरा भरला, आणि कोणाला न विचारता केबिनमध्ये शिरल्या. आत काय बोलणं झालं ते ऐकू आलं नाही. बाहेर आल्या तेव्हा कागदावर सही होती आणि वर्तनापुढे 'उत्तम' लिहिलं होतं.

"अनुभवाचा दाखला काही मिळायचा नाही बाई तुला," त्या हळूच म्हणाल्या.

तो मिळालाही नाही. विद्यापीठाकडून महिन्याने एक ओळीचं पत्र आलं, की आपला अर्ज संबंधित विभागाकडे पाठवण्यात आला आहे. तो विभाग कुठला, हे त्यात नव्हतं.

त्या शुक्रवारी पेणला प्रवेश झाला. दुसऱ्याच आठवड्यात अनिता मॅडमनी तिला एमएस्सीच्या तासाला बसवलं. आणि तिथे एक गोष्ट झाली, जी मनस्वीने कल्पनेतही आणली नव्हती. मॅडमनी फळ्यावर फलनांची एक क्रमिका मांडली. मनस्वीने पटकन सांगितलं, की ही क्रमिका प्रत्येक बिंदूला शून्याकडे जाते.

"जाते," मॅडम म्हणाल्या. "पण सगळीकडे एकाच वेळी जाते का? का एका टोकाला मागे रेंगाळते?"

मनस्वीला सांगता येईना. हे दुसऱ्या वर्षाचं होतं. तिने ते वाचलं होतं, परीक्षेत लिहिलं होतं, अठ्ठ्याण्णव गुण मिळवले होते. पण बसून, झगडून, आपलंसं करून घेतलं नव्हतं.

तास संपल्यावर मॅडमनी तिला थांबवलं. सगळी हकिगत त्यांना माहीत होती. "तू समजावतेस छान. पहिल्या वर्षाचं तुझं इतकं पक्कं आहे, की माझ्या एमएस्सीच्या पोरांचंही नाही. पण गेलं वर्षभर तू स्वतः कधी शिकलीस गं?"

मॅडम रागावल्या नव्हत्या. पण तो प्रश्न मनस्वीला दळवी सरांच्या 'स्वार्थ'पेक्षा जास्त लागला. टीसी मिळवली, वर्तन 'उत्तम' करून घेतलं, पण जे वर्ष त्यांनी काढून घेतलं ते कुठल्या खिडकीवर मागायचं? कासूच्या गाडीत दोन दिवस ती तोच प्रश्न घोळवत राहिली. तिसऱ्या दिवशी दुसऱ्या वर्षाचं पुस्तक पुन्हा पहिल्या पानापासून काढलं.

ऑगस्टमध्ये एका दुपारी रोह्याहून फोन आला. दळवी सर स्वतः बोलत होते, आवाज एकदम मऊ. "मनस्वी, कशी आहेस? अगं, जरा अडचण आहे. तपासणी समिती सोमवारी येतेय. गेल्या वर्षीच्या गणिताच्या नोट्स, चाचण्यांचे पेपर, काहीच सापडत नाही. तुझ्याकडे असतील ना? तेवढं पाठवून दे बाळा."

मनस्वी कॉलेजच्या जिन्यात उभी होती. बाळा! तिला हसू आणि राग एकदमच आला.

"ज्यांनी शिकवलं त्यांच्याकडे असतील सर. प्राध्यापक ऋत्विक देशमुखांना विचारा."

"अगं, तू असं..."

"माझा अर्ज तुमच्याकडे आहे. त्याचं उत्तर आलं, की नोट्स पाठवते."

तिने फोन बंद केला. मग तिने भाविकाला फोन लावला. भाविका आणि आणखी चौघींनी शिक्षक मिळावा म्हणून अर्ज दिला होता. आता आठवड्यातून दोन दिवस महाडहून एक सर यायचे. सहा मुलं मात्र तोवर कॉमर्सला निघून गेली होती.

"वहीचे सगळे फोटो मी तुला पाठवते," मनस्वी म्हणाली. "दुसऱ्या वर्षाचंही जे मी आता नव्याने करतेय, तेही पाठवीन. वर्गात सगळ्यांना दे. ऑफिसमध्ये एक पानही द्यायचं नाही. कळलं?"

"व्हय ताई," भाविका म्हणाली. "आणि अडलं तर विचारू ना?"

"विचार की. पण आधी महाडच्या सरांना विचार. त्यांना सतावा जरा. ते त्यांचं काम आहे."

वर तासाची घंटा झाली होती. मनस्वी दोन-दोन पायऱ्या चढत वर्गात शिरली, तेव्हा मॅडमनी फळा अर्धा भरत आणला होता. ती मागच्या बाकावर बसली आणि उतरवून घेऊ लागली.